हळहळीचा हिशेब

प्रत्येक मराठी घरात एक न घेतलेला प्लॉट असतो. तो कोथरूडला असतो, पार्ल्याला असतो, नाशिकला कॉलेज रोडवर असतो, पण असतो. दिवाळीच्या फराळाला चार माणसे जमली, चकल्यांचा दुसरा घाणा ताटात आला, की घरातले कोणीतरी वडीलधारे त्या प्लॉटावर येऊन पोचतातच. "अरे, तेव्हा तिथे कोल्हे ओरडत होते! मालक घ्या घ्या म्हणून पाया पडत होता. आम्ही म्हटले, इतक्या लांब राहायला जायचे कोणी?" मग त्या वेळचा भाव सांगितला जातो. हा भाव दर दिवाळीला थोडा खाली येतो आणि आजचा भाव दर दिवाळीला थोडा वर जातो. त्यामुळे घराण्याचे नुकसान वर्षागणिक वाढत राहते. ज्या जमिनीचा सातबारा कधी आपल्या नावावर नव्हता, तिने एखाद्या कुटुंबाला इतके गरीब करावे, ही मोठी गंमत आहे.

ही चुटपुट खास आपली, असे कोणालाही वाटेल. हात आखडता ठेवून ज्यांनी संसार केले, त्यांचा हा रोग. अमेरिकेसारख्या ऐसपैस देशात, जिथे जागेला तोटा नाही आणि पैसा हातात खेळतो असे आपण ऐकतो, तिथे असल्या हळहळीला वाव कुठला? पण तिकडेही घरोघर हेच चालते. फरक इतकाच, की तिकडे प्लॉटाच्या जागी मोटार असते; आणि ती बहुधा घ्यायची राहिलेली नसून विकून टाकलेली असते.

हे मला समजले ते ऑगस्ट महिन्यात डेट्रॉइटजवळ मुलाकडे राहायला गेले असताना. डेट्रॉइट म्हणजे मोटारींचे माहेर. या शहरातून वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यू नावाचा एक रुंद रस्ता निघतो आणि वायव्येला पाँटिअ‍ॅक गावापर्यंत जातो. १९०९ साली याच रस्त्याच्या एका मैलाला काँक्रीट घातले गेले, आणि तिथल्या लोकांना त्याचा अजून अभिमान वाटतो. १९६० नंतरच्या दशकात शनिवारी रात्री गावोगावची पोरे आपापल्या गाड्या घेऊन या रस्त्यावर येत आणि एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत शर्यती लावीत. मोटारींच्या कारखान्यांतले इंजिनियर देखील दिवसा केलेली करामत रात्री इथेच पडताळून पाहत, असे सांगतात. पुढे ती पोरे मोठी झाली, रस्ता शहाणा झाला. १९९५ साली फर्नडेल नावाच्या उपनगरातल्या काही मंडळींनी मुलांच्या फुटबॉलच्या मैदानासाठी निधी जमवायचा म्हणून जुन्या गाड्यांची एक मिरवणूक काढली. ती इतकी गाजली, की आता ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी तिथे जत्राच भरते. सोळा मैलांचा रस्ता जुन्या गाड्यांनी फुलून जातो.

आपल्याकडे लक्ष्मी रोडवर गणपतीच्या विसर्जनाला लोक सकाळपासून जागा धरून बसतात, त्यातलाच हा प्रकार. घडीच्या खुर्च्या, डोक्यावर टोप्या, बर्फाच्या पेटीत थंड बाटल्या, आणि समोरून संथपणे सरकणारी रांग. ढोलताशांची उणीव इंजिने भरून काढतात. हा आवाज कानांनी ऐकण्याआधी छातीत ऐकू येतो. मुलगा म्हणाला, "आई, हा आवाज ऐकायला लोक विमानाने येतात." मी म्हटले, "माझी खुर्ची हलते आहे, तेवढे पुरे."

या गाड्यांना तिकडे 'मसल कार' म्हणतात. आपण त्यांना पैलवान मोटारी म्हणू. पैलवान अशासाठी, की मध्यम बांध्याच्या साध्या घरगुती गाडीत मोठ्या गाडीचे दांडगे इंजिन बसवायचे आणि बाकी सगळे जवळजवळ तसेच ठेवायचे, अशी त्यांची घडण. ही परंपरा बहुतेक जण १९६४ सालच्या पाँटिअ‍ॅक जी.टी.ओ.पासून मोजतात. जनरल मोटर्स कंपनीचा तेव्हा नियम होता, की मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठे इंजिन घालायचे नाही. पाँटिअ‍ॅक विभागाचा मुख्य इंजिनियर जॉन डिलोरियन आणि त्याचे सहकारी यांनी त्यातून अस्सल कारकुनी पळवाट काढली. नवी गाडी म्हणून नव्हे, तर टेम्पेस्ट नावाच्या जुन्याच गाडीवर 'जादा सोय' म्हणून त्यांनी ३८९ घन इंचांचे इंजिन देऊ केले. जादा सोयीची किंमत तीनशे डॉलरही नव्हती. पहिल्याच वर्षी बत्तीस हजारांवर गाड्या खपल्या, आणि खप एवढा झाल्यावर नियमाची आठवण कोणी कशाला काढील?

३८९ घन इंच म्हणजे सुमारे ६.४ लिटर, आणि ताकद ३२५ अश्वशक्ती. आपल्या हिशेबाने सांगायचे, तर त्याच सुमारास मुंबईत ज्या फियाटसाठी लोक नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहत, तिचे इंजिन होते १.१ लिटरचे आणि ताकद चाळीस अश्वशक्तीच्या घरात. आमच्याकडे तबेल्यात चाळीस घोडे आले, तर पेढे वाटले जात. तिकडे एकोणीस वर्षांचा कारखान्यातला पोरगा हप्त्यावर सव्वातीनशे घोडे घरी आणीत होता. महायुद्ध संपल्यावर १९४६ पासून जन्मलेली मुलांची मोठी लाट नेमकी १९६४ मध्ये अठराव्या वर्षाला लागली होती. हाताला काम होते, पेट्रोल गॅलनला तीस सेंटांच्या आसपास होते. गाडी गॅलनला दहाबारा मैलच जाई, म्हणजे लिटरला चारपाच किलोमीटर. पण विशीत कोण कशाचे मायलेज पाहतो?

मग प्रत्येक कंपनीने आपापला पैलवान आखाड्यात उतरवला. प्लिमथ कंपनीने १९६८ साली तीन हजार डॉलरांच्या आत बसणारी 'रोड रनर' काढली. व्यंगपटांतल्या त्या पळणाऱ्या पक्ष्याचे नाव वापरण्यासाठी त्यांनी वॉर्नर ब्रदर्सना पन्नास हजार डॉलर मोजले आणि हॉर्नही त्या पक्ष्यासारखा 'बीप बीप' वाजणारा बसवला. आतली सजावट म्हणाल तर सरकारी गाडीसारखी. सगळा पैसा इंजिनात. १९७० साली शेव्हरोलेच्या शेव्हेल गाडीची ताकद ४५० अश्वशक्तीपर्यंत गेली.

आता त्या मिरवणुकीत माझ्या कानांवर काय पडत होते ते सांगते. एखादी गाडी समोरून गेली, की खुर्च्यांच्या रांगेतून कोणीतरी सत्तरी उलटलेले गृहस्थ पुढे वाकायचे आणि म्हणायचे, "हुबेहूब अशीच माझ्याकडे होती." मग थोडे थांबून, "विकली." हा 'विकली' शब्द सगळे जण एकाच सुरात उच्चारीत. शेजारचा माणूस लगेच विचारी, "कितीला?" उत्तर ऐकून आजूबाजूचे चारपाच जण एकदम जीभ टाळ्याला लावून चुकचुकत. लग्नघरी अक्षता पडाव्यात तशी ही चुकचुक त्या रांगेवर सारखी पडत होती.

ऐकता ऐकता माझ्या लक्षात आले, की या हळहळीच्या तीन जाती आहेत. पहिली, स्वतः विकलेल्यांची. दुसरी, दुसऱ्याने विकलेल्यांची. १ डिसेंबर १९६९ रोजी व्हिएतनामच्या लढाईसाठी जन्मतारखांची सोडत निघाली आणि असंख्य पोरांना गाडी अंगणात ठेवून लष्करात जावे लागले. एकजण सांगत होता, की तो परत आला तेव्हा अंगण मोकळे होते. आईने गाडी विकली होती. अंगणात उभी असलेली ती गाडी सकाळ-संध्याकाळ पाहवेना, असे तिने कारण सांगितले. यावर मुलगा काय बोलणार? तिसरी जात, समोर आलेली न घेणाऱ्यांची. म्हणजे आपल्या प्लॉटवाल्यांची सख्खी भावंडे.

या तिसऱ्या जातीचे दैवत म्हणजे १९७० सालची प्लिमथ सुपरबर्ड. शर्यतीत पळवायची गाडी लोकांनाही विकली पाहिजे, असा 'नास्कार' शर्यतींचा नियम होता, आणि त्या वर्षी विक्रेत्यांच्या संख्येच्या निम्म्याइतक्या गाड्या बनवणे भाग होते. म्हणून सुमारे एकोणीसशे गाड्या बनल्या. पुढे लांबलचक चोच, आणि मागे डिकीवर दोन खांबांवर उभारलेला, टपापेक्षाही उंच पंख! शर्यतीच्या मैदानावर ते रूप शोभून दिसे. पण ही गाडी घेऊन बाजारात बटाटे आणायला कोण जाणार? गाड्या दुकानांत पडून राहिल्या. काही विक्रेत्यांनी चोच आणि पंख काढून त्यांना साधे रूप दिले, तेव्हा कुठे त्या खपल्या. मिरवणुकीत एक सुपरबर्ड आली, तेव्हा सगळा रस्ता उभा राहिला. माझ्या मागचे आजोबा म्हणाले, "आमच्या गावच्या दुकानात ही वर्षभर उभी होती. आम्ही शाळेतून येताना तिला हसत असू."

आता, या माणसांनी गाड्या विकल्या तरी का? मौजेची गोष्ट अशी, की ज्या कारणांनी विकल्या ती सगळी कारणे उत्तम होती. सत्तर साल उजाडता उजाडता विमा कंपन्यांनी या गाड्यांवर आणि विशेषतः पंचविशीच्या आतल्या चालकांवर जबर वाढीव हप्ते बसवले. कोणाकोणाचा विम्याचा हप्ता गाडीच्या हप्त्याशी स्पर्धा करू लागला. १९७० च्या शुद्ध हवेच्या कायद्याने धुराड्यातून निघणारा विषारी धूर पाच-सहा वर्षांत नव्वद टक्के कमी करा, असे कारखानदारांना बजावले. १९७१ पासून इंजिनांचा जोर उतरू लागला. मग ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेल रोखले. पंपांवर मैलमैल रांगा लागल्या. काही राज्यांत नंबरप्लेटचा आकडा सम की विषम हे पाहून पेट्रोल मिळू लागले. जानेवारी १९७४ मध्ये साऱ्या देशात ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आली. लिटरला चार किलोमीटर जाणारी, आणि जिला पंचावन्नच्या वर पळायला मनाई, अशी पैलवान मोटार दारात ठेवणे म्हणजे दुष्काळात हत्ती पोसणे. त्यात घरात पाळणा हललेला. दोन दारांच्या गाडीत मागच्या बाजूला बाळाला ठेवताना कमरेचे काय होते, हे ज्याचे त्याला ठाऊक. त्या वेळी ज्याने गाडी विकली नसती, त्याला शेजाऱ्यांनी खुळ्यात काढले असते.

मग काळ उलटला. विशीतली पोरे पन्नाशीला आली, कर्जे फिटली, मुले कॉलेजात गेली, आणि एक दिवस प्रत्येकाला आपली गाडी आठवली. सगळ्यांना एकदम आठवली, हाच घोटाळा झाला. विकायला गाड्या थोड्या, घ्यायला उभे अनेक. १९७१ साली प्लिमथच्या 'कुडा' गाडीची उघड्या टपाची, 'हेमी' इंजिनाची जात इतकी महाग पडे, की अवघ्या दहाबारा गाड्या विकल्या गेल्या. त्यांतली एक २०१४ साली लिलावात पस्तीस लाख डॉलरांना गेली. २०२१ साली अशाच एका गाडीला अठ्ठेचाळीस लाखांची बोली आली, आणि मालकाने दिली नाही! त्याची हळहळ पुढे कोणत्या जातीत मोडेल, हे काळच ठरवील.

किमती चढल्यावर त्यांच्यामागोमाग भटजीही आले. ही गाडी अस्सल आहे की साध्या गाडीला मागाहून पैलवानाचे कपडे चढवले आहेत, हे पाहणारे जाणकार तिकडे आहेत. गाडीच्या पत्र्यावरचा आकडा, इंजिनावरचा आकडा, गियरपेटीवरचा आकडा, सगळे जुळले तर किंमत दुप्पट. कारखान्यात गाडी बनताना तिच्यात काय काय घालायचे याची एक कागदी यादी असे, आणि ती पुष्कळदा सीटच्या स्प्रिंगांमध्ये अडकून राहिलेली असते. पन्नास वर्षांनी सीट उसवून तो पिवळा कागद हाती लागला, की मालकाला ब्रह्मानंद होतो. म्हणजे आपण मुलामुलींच्या पत्रिका जुळवतो, छत्तीसपैकी किती गुण पाहतो. तिकडे इंजिन आणि पत्रा यांचे गुण जुळवतात. काही म्हातारे तर जुन्या पावतीवरचा क्रमांक घेऊन आपली विकलेली गाडी देशभर शोधत फिरतात.

हे सारे ऐकून कोणाच्याही मनात हिशेब सुरू होईल. माझ्याही झाला, पंचवीस वर्षे हिशेबाच्या वह्या सांभाळल्याची ती खोड आहे. समजा, १९७० साली एकाने पस्तीसशे डॉलरांची गाडी घेतली आणि दुसऱ्याने तेवढीच रक्कम सात टक्क्यांनी गुंतवून ठेवली. सात टक्क्यांनी पैसा साधारण दहा वर्षांत दुप्पट होतो. पस्तीसशेचे सात हजार, सातचे चौदा, चौदाचे अठ्ठावीस, अठ्ठावीसचे छप्पन्न, आणि २०२० साली एक लाख बारा हजार. दहा लाखांना विकल्या जाणाऱ्या गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या. बाकीच्या असंख्य गाड्या या आकड्यापर्यंत पोचतही नाहीत. त्यात गाडीला छप्पर हवे. छपराचे भाडे महिना पन्नास डॉलर धरले, तरी पन्नास वर्षांचे तीस हजार होतात. शिवाय त्या भागात हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. ते मीठ पत्र्याला खाली लागते आणि दहाबारा हिवाळ्यांत गाडीची चाळण होते. ज्या गाडीची हे गृहस्थ हळहळ करतात, ती त्यांनी विकली नसती तर बहुधा त्यांच्याच अंगणात गंजून मेली असती.

पण या हिशेबातली खरी मेख निराळी आहे. समजा, सगळ्यांनीच आपापल्या गाड्या जपून ठेवल्या असत्या, तर? मग त्या मिरवणुकीत सगळ्यांकडेच रोड रनर असती, आणि तिला कोणी ढुंकूनही पाहिले नसते. आज एका गाडीला जे मोल आहे, ते इतर शंभरांनी आपल्या गाड्या विकल्या, मोडीत घातल्या, ठोकल्या म्हणून आहे. ज्यांनी विकल्या त्यांनीच राखणाऱ्यांची किंमत वाढवली. त्या रांगेत चुकचुकणारा प्रत्येक म्हातारा खरे म्हणजे समोरून जाणाऱ्या गाडीचा भागीदार होता. फक्त नफ्यात त्याचा वाटा नव्हता.

हा विचार मी मनातल्या मनात घोळवीत होते आणि स्वतःवर थोडी खूषही होते. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवरच्या बाई माझ्याशी बोलू लागल्या. पंचाहत्तरीच्या असतील. त्यांचे यजमान पुढे उभे राहून कोणाला तरी आपल्या १९६८ च्या रोड रनरची गोष्ट सांगत होते. रंग कसा होता, पहिल्या पगारातून हप्ता कसा भरला, वुडवर्डवर कोणाला कसे मागे टाकले, आणि १९७४ साली ती नऊशे डॉलरांना कशी द्यावी लागली. आज ती असती तर किती आले असते, तो आकडाही त्यांनी सांगितला. नेहमीप्रमाणे चारजण चुकचुकले.

बाई म्हणाल्या, "ही गोष्ट मी सत्तेचाळीस वेळा ऐकली आहे. गोष्ट चांगली आहे. पण तुम्हाला त्याचा शेवट ठाऊक नाही. तो कोणालाच सांगत नाही." मग त्यांनी शेवट सांगितला. १९७४ च्या हिवाळ्यात यजमानांना कारखान्यातून कमी केले होते. विम्याचे संरक्षण गेले होते. बाईंना सातवा महिना होता, आणि मूल अवेळी झाले. नऊशे डॉलरांतले निम्मे दवाखान्याला गेले, उरलेल्यांत तीन महिन्यांचे घरभाडे निघाले. तीन महिन्यांनी त्यांना काम मिळाले.

"आणि मूल?" मी विचारले.

बाईंनी हनुवटीने दाखवले. बर्फाच्या पेटीपाशी पन्नाशीला टेकलेली एक उंच बाई वाकून सगळ्यांना लिंबूसरबताचे पेले भरून देत होती. "तीच ती. दर वर्षी हा माणूस सांगतो की ती गाडी आज केवढ्याची झाली असती. आणि दर वर्षी ती तिथे उभी राहून ऐकते."

लेकीने आपल्याबद्दल चालले आहे हे ओळखले असावे. पेला माझ्या हातात देत ती हसून म्हणाली, "मी नऊशे डॉलरांना पडले. आता माझा भावही बराच वाढला असेल!" सगळे हसले. मीही हसले. पण ते हसणे माझ्या ओळखीचे होते. आपल्याकडे मी ते किती तरी माहेरवाशिणींच्या तोंडावर पाहिले आहे. "तुझ्या लग्नात विकलेली ती शेती आज असती, तर..." असे भरल्या पंगतीत वडील म्हणतात; त्यांच्या मनात वाईट काही नसते; आणि मुलगी पुरणपोळीवर तूप घेता घेता हसून म्हणते, "हो ना बाबा, मी फारच महाग पडले." वरकड मुलगा परदेशी शिकायला गेला तेव्हा मोडलेल्या पाटल्या, धाकट्याच्या आजारपणात विकलेला माडीचा वाटा, सगळ्यांची हीच गत. वस्तूची हळहळ करताना आपण तराजूच्या एका पारड्यात ती वस्तू ठेवतो, हे आपल्याला दिसते. दुसऱ्या पारड्यात कोण बसले आहे, ते दिसत नाही. ज्याला बसवलेले असते त्याला मात्र स्पष्ट दिसते.

या संदर्भात तिकडच्या एका प्रसिद्ध गाडीची हकीगत मला फार आवडली. 'बुलिट' या १९६८ सालच्या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनने सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवरून एक हिरवी मस्टँग भरधाव पळवली होती. चित्रपट झाल्यावर ती गाडी या हातातून त्या हातात गेली आणि १९७४ साली मासिकातली छोटी जाहिरात पाहून न्यू जर्सीतल्या एका विमा-व्यवसायातल्या गृहस्थाने ती सहा हजार डॉलरांना घेतली. ती जाहिरात हजारो लोकांनी वाचली असेल. म्हणजे न घेणाऱ्यांची संख्याही तेवढीच. घेणाऱ्याने तिचे केले काय? त्याची पत्नी शिक्षिका होती; ती रोज या गाडीने शाळेत जाई. जगातली सर्वांत नामांकित मस्टँग शाळेच्या फाटकाबाहेर इतर गाड्यांसारखी उभी राही. १९७७ साली खुद्द मॅक्वीनने पत्र लिहून गाडी परत मागितली, आणि या मंडळींनी ती दिली नाही. १९८० साली क्लच गेला, तेव्हापासून ती घरी नुसतीच उभी राहिली. २०१८ साली डेट्रॉइटच्या प्रदर्शनात ती पुन्हा लोकांसमोर आली, आणि २०२० च्या जानेवारीत फ्लॉरिडातल्या लिलावात फीसकट सदतीस लाखांवर डॉलरांना गेली. मूळ खरेदीदार गृहस्थ तेव्हा हयात नव्हते. विकली ती मुलाने.

ही गोष्ट लोक 'पाहा, जपून ठेवली म्हणून कल्याण झाले' अशा थाटात सांगतात. मला तीत दुसरेच दिसते. त्या घराने गाडी किमतीसाठी ठेवली नव्हती. किमतीसाठी ठेवली असती, तर पत्नीला शाळेत न्यायला दिली नसती. ती त्यांच्या संसारात कामाला आली. रोड रनरही त्या दुसऱ्या घरात कामालाच आली; फक्त तिचे काम नऊशे डॉलर होऊन आले. एका गाडीने बाईंना शाळेत पोचवले, दुसरीने एका जिवाला घरी आणले. दोन्ही गाड्यांचे चीज झाले. एकीचा आकडा वर्तमानपत्रांत आला, एवढाच फरक.

म्हणून त्या म्हाताऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांची हळहळ पैशाची आहे, असे ते स्वतः समजतात. पण मला ते पटत नाही. त्यांतल्याच एकाने मला सांगितले, की त्याच्या मित्राने आपली जुनी जी.टी.ओ. शोधून, कर्ज काढून परत घेतली. चार दिवस चालवली. स्टिअरिंग जड, ब्रेक लागायला वेळ, उन्हाळ्यात आत भट्टी, आणि खाली बसलेल्या सीटवरून उठताना दोन माणसांचा हात लागे. गाडी तीच होती, आकडेही सगळे जुळत होते. फक्त चालवणारा बदलला होता. एकोणीस वर्षांचे गुडघे कुठल्याच लिलावात मिळत नाहीत. माणूस म्हणतो 'माझी गाडी गेली', आणि त्याला म्हणायचे असते ते निराळेच. पण तारुण्य गेले म्हणून भर रस्त्यात रडायची सोय नाही. गाडी गेली म्हणून चुकचुकायला मात्र चारजण साथीला मिळतात. त्या चुकचुकण्याला माझी हरकत नाही. ते ऐकायला कोण बसले आहे, एवढे मागे वळून पाहावे.

आणि ऐकणाऱ्यांनीही थोडे पथ्य पाळावे. "कितीला विकली?" आणि "आज किती आले असते?" हे दोन प्रश्न आपल्या जिभेवर तयार असतात. हळहळीला तेच खतपाणी घालतात. त्याऐवजी तिसरा प्रश्न विचारून पाहावा: "त्या पैशांचे तेव्हा काय केलेत?" मी त्या दिवशी रोड रनरवाल्या आजोबांना तो विचारला. ते बोलता बोलता थांबले. बहुधा सत्तेचाळीस वर्षांत कोणी विचारला नसावा. टोपी काढून त्यांनी डोके खाजवले, रस्त्याकडे पाहिले, मग बर्फाच्या पेटीकडे पाहिले; आणि आपल्या गाडीची गोष्ट त्यांनी पहिल्यापासून, पण या वेळी शेवटासकट, सांगायला घेतली.